पुडीतल्या जिवाणूंवर एवढा भार नको

आमच्या नेरूळच्या सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज या आठवड्यात तिसऱ्यांदा आला: 'ओल्या कचऱ्यावर जिवाणूंची पुडी टाका, 24 तासांत खत तयार. वास नाही, कसलाही कचरा चालतो, वर गॅसही फुकट.'

24 तासांत खत होत नाही. खत बनवणाऱ्या मशीनमधून एका दिवसात तपकिरी भुगा निघतो खरा, पण तो बहुतेक वेळा तापवून वाळवलेला कचराच असतो. कुंडीत घालून पाणी द्या, पुन्हा बुरशी धरते. ढिगात उष्णताप्रिय जिवाणू तापमान 55-60 अंशांवर नेतात, मग ढीग निवतो, मुरतो. दीड-दोन महिने धराच.

वासाचं म्हणाल तर खरी गोम इथेच आहे. कुजवणारे जिवाणू भाजीच्या देठांवर, मातीत आधीच असतात. अडतं ते पेंढ्यासारख्या कोरड्या, कर्बवाल्या मालावाचून. जिवाणूंना एक भाग नत्रामागे (नायट्रोजन) 25 ते 30 भाग कर्ब (कार्बन) लागतो. पालेभाजीत कर्ब कमी, पाणी भरपूर. मग जादा नत्र अमोनिया होऊन उडतं, हवा कोंडते आणि जिना नाक दाबून चढावा लागतो. वाशीच्या फळबाजारात हापूसच्या पेट्यांमधून निघणारा पेंढा म्हणजे कर्बाचा साठाच. घरी पेटी आली की तो आपण कचऱ्यात टाकतो, आणि पुडी विकत आणतो!

'कसलाही कचरा' हे बायोगॅसच्या टाकीला तर मुळीच लागू नाही. संत्र्या-मोसंबीच्या सालीतलं लिमोनीन मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांना मारक असतं. रसवाल्याकडची सालं एकदम ओतली की टाकी बसलीच.

राहिला फुकटचा गॅस. 100 किलो ओल्या कचऱ्यातून साधारण 8 ते 10 घनमीटर बायोगॅस, म्हणजे चार-साडेचार किलो एलपीजीची धग. 14.2 किलोच्या सिलिंडरचा तिसरा हिस्साही नाही. खाडीपलीकडे ट्रॉम्ब्याला भाभा अणुसंशोधन केंद्राने 'निसर्गऋण' प्रकल्प विकसित केला. त्यात कचरा दळून, गरम पाणी आणि हवा देऊन आधी एका टाकीत फोडतात, मग हवाबंद टाकीत मिथेन होतो. पण तिथेही प्लास्टिक आणि नारळाच्या करवंट्या वेचायला रोज माणूस लागतो. ते काम जिवाणू करत नाहीत.

पुडी अगदीच निरुपयोगी नाही, नव्या ढिगाला विरजण म्हणून चालते. पण त्यासाठी जुन्या खताची दोन घमेलीही पुरतात, आणि ती आपल्याच पंपरूमच्या मागे पडून आहेत.