केनोजुआकचं घुबड आणि 'हजारो वर्षांची' छपाई

"इनुइट लोकांची छापचित्रं ही हजारो वर्षांची परंपरा आहे. बाहेरच्या जगाचा वाराही न लागलेला कलावंत ती एकट्याने घडवतो." आर्क्टिक भागातल्या मूळ रहिवाशांबद्दलचा, म्हणजे इनुइटांबद्दलचा हा मजकूर सगळीकडे फिरतोय. सोबत बहुधा केनोजुआक आशेवाक या इनुइट चित्रकर्तीचं पिसारा फुलवलेल्या घुबडाचं छापचित्र असतं. गंमत अशी, की याच बाईंवर जॉन फीनीने १९६३ साली वीसेक मिनिटांचा माहितीपट केला आणि तो ऑस्कर नामांकनापर्यंत गेला. तो पाहिला तरी निम्मा दावा गळून पडतो. (माहितीपटाच्या नावात 'एस्किमो' आहे. तो शब्द कॅनडातल्या इनुइटांना आता नको असतो.)

आधी 'एकट्याने'. माहितीपटात केनोजुआक कागदावर चित्र काढतात. ते दगडावर उतरवणारे, रेघांभोवतीचा दगड कोरून काढणारे, शाई लावून पातळ कागद हाताने घासणारे वेगळे. विक्री सहकारी संस्थेमार्फत. म्हणजे अख्खा कारखानाच!

'हजारो वर्षं'? उत्तर कॅनडातल्या केप डोर्सेट, म्हणजे आजच्या किनगाइत या इनुइट वस्तीत छपाईचे प्रयोग १९५७ साली सुरू झाले. सिगारेटच्या पाकिटांवर तोच तो खलाशाचा चेहरा हुबेहूब कसा येतो, असं ओसुइटोक इपीली या कोरीवकाम करणाऱ्याने जेम्स ह्यूस्टन या तिथे राहणाऱ्या कॅनेडियन चित्रकाराला विचारलं. ह्यूस्टनने ओसुइटोकनेच कोरलेल्या वॉलरसच्या सुळ्यावर शाई लावून ठसा काढून दाखवला. पुढे तो जपानला जाऊन उनइची हिरात्सुका या छापचित्रकाराकडे छपाई शिकून आला. म्हणजे ही परंपरा माझ्या आत्याहून धाकटी.

बाहेरचा वारा तर चांगलाच लागला होता, तोही स्वखुशीने नव्हे. क्षयामुळे केनोजुआकना १९५२ ते १९५५ क्वेबेक शहरातल्या रुग्णालयात राहावं लागलं. बाहुल्या आणि मण्यांचं काम त्या तिथे शिकल्या.

यावर काहीजण लगेच दुसरं टोक गाठतात: मग ही कला गोऱ्यांनीच शिकवलेली! छे. तंत्र बाहेरून आलं, नजर नाही. वॉलरसच्या सुळ्यांवरचं कोरीवकाम आणि कातडं कापून नक्षी शिवणं इनुइटांकडे आधीपासून होतंच. केनोजुआक यांचं १९५९चं पहिलं छापचित्र, समुद्री शेवाळ खाणारा ससा, त्यांनी सीलच्या कातड्याच्या पिशवीवर केलेल्या नक्षीतूनच आलं.

आणि ते घुबड १९६०चं. प्रती पन्नास: पंचवीस लाल-काळ्या, पंचवीस हिरव्या-काळ्या. कॅनडाच्या १९७०च्या टपाल तिकिटावर गेलं ते लाल.