खडकीच्या वॉर सिमेट्रीत पेशव्यांना हरवणारे कुणी नाहीत

‘खडकीच्या वॉर सिमेट्रीत पेशव्यांना हरवणाऱ्या इंग्रजांच्या कबरी आहेत. आपल्या कराच्या पैशातून त्या सांभाळल्या जातात. आपल्या जवानांचं मात्र जगात कुठे नावही नाही. तिथं पुष्पचक्र वाहणं बंद करा.’ हा मजकूर गेल्या काही दिवसांत माझ्याकडे चार-पाच ग्रुपवरून आला. पाठवणाऱ्यांत घरची माणसंही आहेत, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी पेशव्यांचं. खडकीची लढाई झाली 5 नोव्हेंबर 1817 रोजी. वॉर सिमेट्रीत 1668 कबरी आहेत आणि त्या दुसऱ्या महायुद्धातल्या, म्हणजे 1939 नंतरच्या. मध्ये सव्वाशे वर्षं गेली. गावाचं नाव एक, एवढाच काय तो संबंध. पश्चिम आणि मध्य भारतात ठिकठिकाणी पुरलेल्या, कायम देखभाल होईल याची खात्री नसलेल्या कबरी इथं एकत्र आणल्या गेल्या. आवारातच पहिल्या महायुद्धाचं स्मारक आहे, त्यावर 1800हून जास्त नावं. त्यातल्या 629 जणांचे अवशेष मुंबईच्या शिवडीहून इथं आणले ते एप्रिल 1962 मध्ये. इंग्रज जाऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. स्वतंत्र भारतानं त्यांना जागा दिली, हे त्या मजकुरात कुणी लिहिलं नाही.

मुळा रोडवरून आत जा आणि एकेका दगडापाशी थांबा. वर पलटणीचं चिन्ह, खाली नाव, तारीख, वय. वय बहुतेक विशीतलं. काही दगडांवर अगदी तळाशी घरच्यांनी निवडलेली एखादी ओळ असते. आईबापांनी दूरदेशी बसून कागदावर लिहून पाठवलेली ओळ, आणि त्यातल्या कितीतरी जणांना हा दगड कधी बघायलाही मिळाला नसेल. अधिकारी असो की साधा शिपाई, दगडाचं माप एकच. ब्रिटनमध्ये तेव्हा सक्तीची लष्करभरती होती, त्यामुळे यांतल्या अनेकांना इथं यायचं की नाही हे कुणी विचारलेलंही नव्हतं. आणि ही जागा फक्त गोऱ्यांची नाही. भारतात मरण पावलेल्या पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेच्या सैनिकांचं स्मारकही याच आवारात आहे.

पैशाचा मुद्दा लवकर आटपतो. ही जागा राष्ट्रकुल युद्ध कबर आयोग सांभाळतो. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका आणि भारत असे सहा देश त्याचा खर्च उचलतात, आणि ज्याचे जितके सैनिक गेले त्या प्रमाणात वाटा. तीन चतुर्थांशाहून जास्त पैसे एकटा ब्रिटन देतो, भारताचा वाटा एक टक्क्याच्या आसपास. त्या बदल्यात परमुलखात पडलेल्या आपल्या माणसांची स्मारकंही हाच आयोग राखतो.

म्हणजे ‘कुठे नावही नाही’ हेही खरं नाही. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत लढताना पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचा शौर्याचा सर्वोच्च सन्मान, मिळाला. त्यांचं नाव इटलीतल्या कॅसिनो स्मारकावर कोरलेलं आहे. फ्रान्सच्या नव शापेलला पहिल्या महायुद्धातल्या 4700हून जास्त भारतीयांचं स्मारक आहे. आपल्याच मुंबईत, मस्जिद बंदरच्या खलाशीगृहात, पहिल्या महायुद्धात समुद्रात बुडालेल्या 2000हून अधिक खलाशांचं स्मारक आहे. समुद्रच त्यांची कबर. ते पाहायला पुण्या-मुंबईतले किती जण गेले असतील?

पण या मजकुरात एक दुखणं खरं आहे, आणि ते झाकून मला वाद जिंकायचा नाही. पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुत-अल-अमाराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी अडकल्या होत्या. इराकमधल्या मोहिमेत गेलेल्यांसाठी बसऱ्याला जे स्मारक उभं राहिलं, त्यावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली. भारतीयांपैकी नावं फक्त अधिकाऱ्यांची, शिपायांचा नुसता आकडा. 2021 मध्ये आयोगाच्याच समितीनं हे कबूल केलं : पहिल्या महायुद्धातल्या 45 ते 54 हजार जणांची, मुख्यतः भारतीय आणि आफ्रिकी सैनिकांची, नोंद इतरांच्या बरोबरीनं झाली नाही, आणि आणखी किमान 1 लाख 16 हजार जणांची नावानिशी झालीच नाही.

या अन्यायाचा राग मलाही येतो. पण तो खडकीतल्या विशीतल्या पोराच्या दगडावर काढून बसऱ्यातल्या एकाही मराठा शिपायाचं नाव परत येणार नाही. ते मागायचं तर आयोगाकडे मागावं लागेल, पलटणीच्या नोंदी आणि गावाकडची जुनी कागदपत्रं पुढे ठेवून. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या एका गावातून पहिल्या महायुद्धात 46 जण गेले ते परतले नाहीत. गावानं त्यांचा स्तंभ जपला आहे. ज्यांच्याकडे तो मजकूर पुढे पाठवायला वेळ आहे, त्यांनी आपल्या गावचा असा दगड कुठे आहे तेवढं शोधावं, आणि त्यावरची अक्षरं पुसली जात असतील तर आधी त्यांचा फोटो काढून ठेवावा.