'धयकालो मोबाईलात घेवक परवानगी कशाक?' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

दशावताराच्या, म्हणजे कोकणातल्या जत्रांत रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्याच्या (त्यालाच आम्ही धयकालो म्हणतो), रेकॉर्डिंगवर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही मला चांगलंच फैलावर घेतलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दशावतार लोकांचा आहे, कोणाच्या मालकीचा नाही. कॉपीराइट हे म्युझिक कंपन्यांचं हत्यार आणि ते मी आपल्या देवळात आणतोय. हे व्हिडिओ नसते तर डोंबिवली-नालासोपाऱ्यातल्या चाकरमान्याला जत्रा दिसलीच नसती. आणि शेवटी मालवणीत टोला: "देवळातलो धयकालो मोबाईलात घेवक कोणाची परवानगी व्हयी?"

कोणाचीच नको. खुशाल घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३९ मध्ये स्वतःपुरतं केलेलं रेकॉर्डिंग मोकळं सोडलेलं आहे. प्रामाणिकपणे शिकवण्यासाठी किंवा संशोधनासाठी केलेलंही. परीक्षण लिहिताना एखादा तुकडा दाखवलात तरी चालतं. माझी तक्रार वेगळ्या लोकांबद्दल होती. अख्खी रात्र शूट करायची, सकाळी चॅनेलवर चढवायची, मधे जाहिराती लावायच्या आणि खाली राजपार्ट (राजाची भूमिका) कोणी केला त्याचं नावसुद्धा घालायचं नाही, असं करणाऱ्यांबद्दल. तुम्ही दोघांना एकाच पंगतीत बसवलंत.

आता 'लोकांचा' या मुद्द्याकडे येतो. आडदशावतारातला, म्हणजे आख्यानाआधीच्या भागातला, संकासूर कोणाचा नाही, भटजी कोणाचा नाही, पुराणातलं आख्यान तर नाहीच नाही. त्यांवर कायदा कोणालाच हक्क देत नाही. (कोणी नवं कथानक वहीत लिहून काढलं असेल तर ते लिखाण त्याचं, पण तो वेगळा विषय.) हक्क आहे तो त्या रात्रीच्या सादरीकरणावर. दशावतारात संवाद पाठ करून कोणी उभा राहत नाही. कथा ठरते, प्रवेश कोणामागून कोणाचा ते ठरतं, पुढचं सगळं आयत्या वेळी. काल कुडाळकडे रंगलेली खडाजंगी आज वेंगुर्ल्यात त्याच शब्दांत होणार नाही. ती रंगवणारा माणूस चेहऱ्यावर रंग लावून पहाटेपर्यंत उभा असतो, आणि त्या बोलण्यात परंपरा असते तितकाच तोही असतो.

१९९४ च्या दुरुस्तीने कायद्यात कलाकाराचा हक्क आला. कलाकार म्हणजे कोण याची यादी मला फार आवडते: नट, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, जादूगार, गारुडी, व्याख्याता. यादीत गारुडी बसतो तर मृदंगवाला का नाही? १९९९ मध्ये या हक्काची मुदत २५ वर्षांवरून ५० झाली. २०१२ च्या दुरुस्तीतल्या कलम ३८-अ नुसार सादरीकरणाचं रेकॉर्डिंग करण्याचा आणि ते लोकांपर्यंत पोचवण्याचा हक्क कलाकाराकडे आहे. कलम ३८-ब नुसार आपलं नाव लावून मागण्याचा आणि कापाकापी करून सादरीकरण विद्रूप करणाऱ्याला अडवण्याचा हक्कही त्याचाच. तुम्ही ज्याला कंपन्यांचं हत्यार म्हणता त्यातली ही कलमं कोणत्याही कंपनीसाठी लिहिलेली नाहीत.

यातली खरी अडचण तुमच्या प्रतिक्रियेत आलीच नाही, म्हणून मीच सांगतो. परवानगी द्यायची कोणी? चॅनेलवाला फार तर नाटक मंडळीच्या मालकाला विचारतो. मालक मोकळ्या मनाने 'हो' म्हणतो, कारण त्याला पुढच्या नाईट (रात्रीचे प्रयोग) मिळायला हव्या असतात. पण कायद्याने हक्क प्रत्येक कलाकाराचा. स्त्रीपार्ट करणाऱ्याचा, पेटीवाल्याचा, झांज वाजवणाऱ्याचाही. नाईटवर पैसे घेणाऱ्या नटाने मालकाला तसं लिहून दिलेलं नसेल तर मालकाच्या एकट्याच्या होकाराने काम भागत नाही. उलट बाजूही आहे. सिनेमासाठी एकदा लेखी संमती दिली की वेगळा करार नसेल तर कलाकाराला मागाहून तक्रार करता येत नाही. व्यापारी वापराच्या रॉयल्टीचा हक्क तेवढा उरतो. म्हणून कागद पुढे आला की वाचून सही करा, असं मी ओळखीच्या दशावताऱ्यांना सांगत असतो. हसतात.

कंपन्यांबद्दलचा तुमचा राग मला समजतो, पण तो कायद्यापेक्षा यंत्रावर काढायला हवा. डबलबारीचंच, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याचंच, बघा. बुवा सिनेमाच्या चालीवर गजर म्हणतात. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत दुसऱ्याचं संगीत सादर केलं तर कलम ५२ प्रमाणे तो भंग नाही. तेच रेकॉर्डिंग इंटरनेटवर गेलं की ही सवलत संपते आणि चालीच्या मालकाचा दावा येऊ शकतो. दावा लावायला माणूस लागतच नाही. यूट्यूबने २००७ मध्ये आणलेली कंटेंट आयडी यंत्रणा चढवलेला प्रत्येक व्हिडिओ साठवलेल्या नमुन्यांशी ताडून बघते. पण नमुने देण्याची सोय ज्यांच्याकडे मोठा संग्रह आहे त्यांनाच मिळते, आणि आयत्या वेळच्या बोलण्याचा आधीचा नमुना आणायचा कुठून? म्हणजे चाल ओळखली जाते, नट ओळखला जात नाही. युरोपने २०१९ च्या कॉपीराइट निर्देशात यूट्यूबसारख्या मोठ्या मंचांवर जास्त जबाबदारी टाकली, आपल्याकडेही तसंच करा असं काही जण म्हणतात. मला ते नको. ती जबाबदारी पार पाडायला मंच व्हिडिओ आपोआप अडवणाऱ्या गाळण्याच करकचून आवळणार. त्यात बुवाच अडकणार आणि दशावताऱ्याच्या हाती काही लागणार नाही.

आपल्या कायद्यातली वाट मला जास्त बरी वाटते, ती अर्धवट असली तरी. हक्कदाराने मंचाला लेखी तक्रार दिली की २०१३ च्या नियमांप्रमाणे ३६ तासांत मजकूर थांबवायचा. मग २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर मंच तो पुन्हा सुरू करू शकतो. खोट्या तक्रारीने कोणाचं तोंड कायमचं बंद होऊ नये, म्हणून ही मुदत योग्यच. पण ऐन जत्रांच्या हंगामात रोज वेगळ्या गावात असलेला नट २१ दिवसांत वकील कुठून करणार? कलम ६२ मुळे त्याला आपल्याच जिल्ह्यात, म्हणजे सिंधुदुर्गात ओरोसला दावा लावता येतो, एवढाच दिलासा. जिल्हा पातळीवर विनाखर्च तक्रार लिहून देणारं कोणी असावं, ही माझी मागणी आहे. गाळण्या कडक करा असं मी कुठेही म्हटलेलं नाही.

चाकरमान्यांचं म्हणाल तर तुमचं शंभर टक्के खरं. व्हिडिओंनी दशावताराला प्रेक्षक दिला. मग विचारून करा ना! नाईट ठरवतानाच देवस्थान समिती, मंडळी आणि शूट करणारा यांनी एका कागदावर लिहावं: रेकॉर्डिंग होणार की नाही, किती दाखवणार, नावं कोणाकोणाची, जाहिरातीच्या पैशातला वाटा किती. सह्या सगळ्यांच्या, पेटीवाल्यासकट.

राहिला तुमच्याकडची २००४ च्या जत्रेतली कॅसेट चॅनेलवर चढवावी का, हा प्रश्न. त्या सादरीकरणावरचा हक्क २०५४ अखेरपर्यंत आहे. कॅसेट डिजिटल करून ठेवा, बुरशी लागायच्या आत. चढवण्याआधी त्यातल्या कलाकारांना फोन करा. जे गेले असतील त्यांच्या घरी विचारा. आवाजावरून कोणी ओळखू येत नसेल तर तुकडा मला पाठवा, इथल्या जुन्या जाणत्यांना ऐकवतो.