कॉलेजचा दर्जा तपासणारी नॅक येतेय? चला, व्हिडिओ काढू या!

सर, मॅडम, अभिनंदन! महिनाअखेरपर्यंत प्रत्येकी दहा व्हिडिओ, लिंक एक्सेलमध्ये भरा, असा प्राचार्यांचा मेसेज स्टाफच्या ग्रुपवर पडला म्हणजे ई-कंटेंटचा यज्ञ तुमच्याही दारात आला. अजिबात घाबरू नका. परीक्षेच्या तोंडावर कॉस्टिंगचा ५४ मिनिटांचा असाच एक व्हिडिओ मी ऐरोलीहून ठाण्याला येताना लोकलमध्ये उभ्याने बघितलाय, उरलेला घरी जेवताना. पुढे ढकलायची सोय नव्हती, कारण तो पूर्ण बघितल्याशिवाय हजेरी लागत नाही. तेव्हा या कलेतल्या खाचाखोचा मला आता तोंडपाठ आहेत. (कॉलेजचं नाव नको. वेबसाइटवर इमारतीचा ड्रोन शॉट टाकलाय, तेच ते.)

सुरुवात भव्य हवी. आधी संस्थेचा लोगो शंखनाद करत गोल फिरेल. मग संस्थापकांचा हार घातलेला फोटो, प्राचार्यांच्या शुभेच्छा, विभागप्रमुखांचं मनोगत आणि शेवटी तुमचा परिचय: पदव्या, शोधनिबंध, परिषदा, सगळं. घाई नको. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांब असो, विद्यार्थी साधारण सहा मिनिटांच्या वर टिकत नाहीत, असं त्यात निघालं. म्हणजे मुलं उठून जातात तेव्हा तुमच्याकडे दीपप्रज्वलन चालू असतं. सगळे गेल्यावर शिकवायला घेतलं की शंका विचारायला कोणी उरत नाही.

आवाजाचं सोपं आहे. पंखा फुल, माइक लॅपटॉपचा आणि घोडबंदर रोडकडची खिडकी सताड उघडी.

आता मुख्य विधी, पीपीटीवाचन. स्लाइडवर पुस्तकातला अख्खा परिच्छेद चिकटवा, अक्षर बारा पॉइंटचं ठेवा (मोबाइलवर त्याच्या मुंग्या होतात, पण मोबाइलवर बघतंय कोण, सगळ्या मुलांकडे घरी प्रोजेक्टर असतोच) आणि तो शब्दन् शब्द वाचून दाखवा. स्क्रीनवर जे लिहिलंय तेच सोबत बोललं की कळायला मदत होत नाही, उलट अडथळा येतो, हे रिचर्ड मेयर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने प्रयोग करून दाखवलंय. ते असू दे, मेयरला कुठे नॅकची फाइल भरायचीय! वाचताना मध्येच ‘जसं की तुम्ही इथे बघू शकता’ म्हणत राहा. इथे म्हणजे कुठे, ते सांगू नका. कर्सर तर हलवूच नका. आणि उजव्या कोपऱ्यात तुमचा चेहरा असलेली ती चौकट ठेवा, बरोबर तक्त्याच्या शेवटच्या ओळीवर. मी बघितलेल्या व्हिडिओत ब्रेक-इव्हनचं, म्हणजे किती विकलं की ना नफा ना तोटा, याचं गणित होतं. स्थिर खर्च दिसत होता, विक्रीची किंमत दिसत होती, आणि उत्तराच्या जागी सरांची हनुवटी. सर म्हणाले, ‘हे आलं आपलं उत्तर.’ कुठे आलं? हनुवटीच्या मागे? मी मागे नेऊन पुन्हा बघितलं, मोबाइल आडवा धरला, बोटांनी झूम केलं, तर हनुवटी मोठी झाली.

अहो, काय मोठं विज्ञान आहे हे? गोखले रोडवर कुणी वडापावची गाडी लावली असं धरा. गाडीचा महिन्याचा ठरलेला खर्च २४,००० रुपये. एक वडापाव विकायचा २० ला, त्याला लागतात १२. हातात उरले ८. चोवीस हजाराला आठाने भागा, ३,००० वडापाव. तेवढे विकले की ना नफा ना तोटा, पुढचा प्रत्येक वडा ८ रुपये मिळवून देणार. झालं! यात शंख कुठे लागला? ड्रोन कुठे लागला? एक कोरा कागद, एक स्केचपेन आणि वरून धरलेला मोबाइल, एवढ्यात हे होतं. त्याच २०१४ च्या अभ्यासात स्टुडिओतल्या झकपक चित्रीकरणापेक्षा साध्या, घरगुती व्हिडिओंना आणि स्लाइडपेक्षा हाताने लिहून दाखवण्याला मुलं जास्त वेळ टिकली होती. पण हाताने लिहायचं म्हणजे गणित आधी स्वतः सोडवावं लागतं, हा मोठाच घोटाळा.

असो. सल्ला राहिला बाजूला.

स्वयम हे सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल २०१७ मध्ये आलं तेव्हापासून चार भागांचा नियम सगळ्यांना पाठ आहे: व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि चर्चेची जागा. आपल्याकडे एका पीपीटीत चारही उरकतात. पीपीटी वाचली तो व्हिडिओ, तिची पीडीएफ केली ते वाचनसाहित्य, शेवटच्या स्लाइडवरचे पाच प्रश्न ही चाचणी, आणि कमेंट बंद ठेवल्या ही चर्चा.

व्हिडिओ तासिका तत्त्वावरच्या मुलाकडून काढून घ्या, नाव विभागप्रमुखांचं टाका.

नाही, खरंच सांगते, आता चेष्टा करवत नाही. यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, देशव्यापी वर्ग दूरदर्शनवर १५ ऑगस्ट १९८४ ला सुरू झाला. इतक्या वर्षांत कॅमेऱ्यासमोर कसं शिकवायचं हे या देशात कुणालाच कळलं नाही असं थोडंच आहे? पवईला आयआयटीत स्पोकन ट्युटोरियल नावाचे सॉफ्टवेअर शिकवणारे व्हिडिओ बनतात, दहा मिनिटांच्या आसपासचे, मराठीतही. त्यांची संहिता रेकॉर्डिंगच्या आधी विषय न येणाऱ्या माणसाकडून तपासून घेतात, त्याला कळली तरच पुढे. तुमच्या व्हिडिओची संहिता कोण तपासतं? संहिता असते तरी का?

प्राचार्य, एका महिन्यात माणशी दहा व्हिडिओ मागताना कुणाला एक दिवसाचं प्रशिक्षण दिलंत? कॉलर माइक पाचशे-सातशे रुपयांत येतो, तो घेऊन दिलात? लोगो फिरवायला एजन्सीला पैसे दिलेत ना, मग माइकला का नव्हते? आणि सर, मॅडम, तुमच्यावर सक्ती झाली, मान्य. पेपर तपासणी, निवडणुकीची ड्यूटी, वर हे. पण यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत ई-कंटेंटला पदोन्नतीचे गुण आहेत, ते तुम्ही घेणार ना? मग निदान आपला व्हिडिओ एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत, मोबाइलवर, हेडफोन लावून बघा. बघितला असतात तर ती चौकट त्याच दिवशी सरकली असती. सगळं सोडून दिवसभर राबून आलेली माणसं तुमच्यासमोर बसतात, कुणी दिघ्याहून, कुणी कळव्याहून, आणि तुम्ही त्यांना पुस्तक वाचून दाखवता? पुस्तक आम्हालाही वाचता येतं हो. शंका विचारायला मी विभागाच्या ईमेलवर लिहिलं, तर मेलबॉक्स भरलाय म्हणून मेल परत आला. तो आधी रिकामा करा. कमेंट सुरू करा. चुकलेली गणितं दुरुस्त करून टाका. आणि हजेरीसाठी ५४ मिनिटं डांबून ठेवणं आजच्या आज बंद करा, फी पूर्ण भरलीय आम्ही.