न्यू ऑर्लिन्स १८९१ : एका तपशिलाविषयी

एका लेखात अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराचे पोलीसप्रमुख डेव्हिड हेनेसी यांच्या हत्येनंतर ‘निर्दोष सुटलेल्या अकरा इटालियनांना जमावाने ठार केले’ असे म्हटले आहे. हे विधान अर्धवट आहे, आणि राहून गेलेला भाग माझ्या मते अधिक भीषण आहे. १५ ऑक्टोबर १८९० च्या रात्री घरी परतताना हेनेसींवर गोळ्या झाडल्या गेल्या व दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. त्यानंतर इटालियन वस्त्यांतून सरसकट धरपकड झाली, मात्र प्रत्यक्ष खटला नऊ जणांवरच चालला. १३ मार्च १८९१ रोजी त्यांपैकी सहा जण निर्दोष ठरले, तर तिघांबाबत ज्यूरीचे एकमत झाले नाही. दुसऱ्या दिवशी तुरुंग फोडून जमावाने ज्या अकरा जणांचे बळी घेतले, त्यांत निर्दोष सुटलेले केवळ तीन होते, तीन निकाल न लागलेले होते आणि उरलेल्या पाच जणांवर खटला सुरूही झालेला नव्हता. जमावाच्या अग्रभागी पार्करसन हे वकील होते, ही बाबही नजरेआड करता येत नाही. ग्रँड ज्यूरीने, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, जमावातील कोणावरही आरोप ठेवला नाही. इटलीने राजदूत परत बोलावल्यावर अमेरिकेने १८९२ मध्ये सुमारे २५,००० डॉलर भरपाई दिली. शहराच्या वतीने महापौर लाटोया कँट्रेल यांनी माफी मागितली, ती २०१९ मध्ये.