‘जहाज म्हणजे लाल डबा नव्हे’ : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

काका, नमस्कार.

निवृत्तीला बरीच वर्षं झाल्याचं तुम्ही लिहिलंय, म्हणून काका म्हणते. क्रूझच्या जहाजातून रोमजवळच्या चिवितावेक्किया बंदरावर उतरून साध्या ट्रेननं रोम बघून यावं, या माझ्या लेखावर तुम्ही खूप कळकळीनं लिहिलंत. ज्यांनी ते वाचलं नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं आधी सांगते. जहाज म्हणजे एसटीचा लाल डबा नव्हे, स्टँडबाहेर हात केला की थांबायला. तुमची बहीण आणि दाजी, दोघंही पासष्टीच्या पुढचे, येत्या सप्टेंबरात भूमध्य समुद्रातल्या क्रूझला निघालेत, आणि लेख वाचून जहाजाची ठरवलेली सहल रद्द करायच्या विचारात आहेत. चार पैसे वाचवायच्या नादात मी वयस्कर माणसांना परक्या मुलखात रेल्वेच्या भरवशावर सोडते, इंग्रजी न येणाऱ्यांना हे झेपायचं नाही, आणि जहाज चुकलं तर व्हिसाचं काय, हा तुमचा सवाल.

पहिली गोष्ट, जहाज थांबत नाही हे शंभर टक्के खरं. सुटायच्या वेळेआधी अर्धा तास, काही जहाजांवर तासभर आधी, सगळ्यांनी परत चढलेलं असावं लागतं. जहाजानंच विकलेल्या सहलीची बस अडकली तर जहाज थांबतं, आणि थांबणं शक्यच नसेल तर पुढच्या बंदरापर्यंत तुम्हाला पोचवायचा खर्च कंपनी उचलते. स्वतःहून गेलेल्यासाठी यातलं काहीही नाही. जहाजाच्या सहलीचे जे जादा पैसे आपण मोजतो, ते मुख्यतः या हमीचे. आता ही हमी कुठल्या बंदरावर विकत घ्यायची आणि कुठं तिची गरज नाही, एवढाच आपल्या दोघांतला वाद आहे. मला विचाराल तर तो वयावर किंवा धाडसावर सुटत नाही, तो वेळापत्रकावर सुटतो.

मी हिशेब नेहमी उलटा, शेवटाकडून करते. समजा जहाज संध्याकाळी सातला सुटणार. म्हणजे साडेसहाला आपण आत हवं. चिवितावेक्कियाच्या स्टेशनवरून बंदराच्या बसथांब्यापर्यंत, लार्गो देल्ला पाचेपर्यंत, रमतगमत चालत वीसेक मिनिटं. तिथून बंदराची बस जहाजापाशी सोडते. बसची वाट बघणं धरून एक तास ठेवला, आणि त्यावर अर्धा तास असाच सोडला, तर पाचला स्टेशनवर उतरायला हवं. रोमच्या सान पिएत्रो स्टेशनपासून तिथं यायला पाऊण तास ते तासभर लागतो. म्हणजे चारच्या सुमाराची गाडी ही आपली शेवटची गाडी. मग मी ती धरत नाही. तिच्या आधीची एक गाडी सोडून तिच्याही आधीची, तीनच्या आसपासची धरते. आपण धरतो त्या गाडीच्या मागं किमान दोन गाड्या अशा हव्यात, की त्यांनी आलो तरी जहाज मिळतं. या मार्गावर दिवसभर तासाला साधारण दोन गाड्या असतात, म्हणून रोमला हे जमतं. ज्या बंदरावर मागं दोन गाड्या उरत नाहीत, तिथं मी कुणालाही स्वतःहून जा म्हणणार नाही, मग तो पंचविशीतला पैलवान का असेना.

हे सगळं आईला घेऊन गेले होते तेव्हा कामाला आलं. सान पिएत्रोच्या फलाटावर आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढून बसलो होतो. आमच्या गाडीसमोर बोर्डावर आधी दहा मिनिटं उशीर लागला, मग वीस, आणि मग ती रद्द झाली. आईनं माझ्याकडं बघितलं. मी तिला खिशातला कागद दाखवला, त्यावर पुढच्या दोन्ही गाड्यांच्या वेळा लिहिल्या होत्या. तिनं डबा परत उघडला आणि उरलेली दशमी संपवली. पुढची गाडी आली, गर्दी होती, आईला एका मुलीनं जागा दिली, आणि आम्ही जहाजावर चहाच्या वेळेला होतो. मागं गाड्या होत्या म्हणून ही गोष्ट एवढ्यावर संपली. शेवटची गाडी धरायला गेलो असतो आणि ती रद्द झाली असती, तर तुमचा प्रत्येक शब्द खरा ठरला असता.

संपाबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण इटलीत तो धोका सगळ्यात मोठा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. तिथं रेल्वेचे संप अधूनमधून होतात आणि ते आधी जाहीर करावे लागतात. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 या वेळात ठरावीक लोकल गाड्या सोडायचं रेल्वेवर बंधन असतं. ऐकायला बरं वाटतं, पण क्रूझवाल्यासाठी हाच सापळा आहे. सकाळी साडेआठची गाडी मिळते, माणूस निर्धास्त रोमला पोचतो, आणि दुपारी तीनला परतीची गाडीच नसते. संध्याकाळी सहानंतर गाड्या चालू होतात तेव्हा जहाजाचा भोंगा वाजायची वेळ झालेली असते. म्हणून निघायच्या आठवडाभर आधी संपाच्या तारखा बघायच्या, आदल्या रात्री जहाजाच्या स्वागतकक्षात पुन्हा विचारायचं, आणि संप असला तर डोळे झाकून जहाजाची सहल घ्यायची. त्या दिवशी पैशाकडं बघू नये.

आता भाषेचं. काका, आपल्या कोल्हापुरातून हरिप्रिया एक्सप्रेसनं तिरुपतीला जाणाऱ्या आज्या-आजोबांना तेलुगू येतं का हो? गुंतकलला उतरून पाण्याची बाटली भरून आणतात, तिरुपतीला उतरून डोंगरावर जायची बस शोधतात, दर्शन करून त्याच गाडीनं परत येतात. मिरजेला गाडी बदलून पंढरपूर गाठणाऱ्यांना रेल्वे नवीन नाही. इटलीतल्या तिकीट खिडकीवरच्या माणसाचं इंग्रजीही आपल्यासारखंच तोडकंमोडकं असतं. ‘रोमा सान पिएत्रो’ एवढं कागदावर लिहून दाखवलं आणि परतीचं तिकीटही तिथंच घेतलं की काम झालं. स्टेशनात भिंतीवर दोन छापील तक्ते असतात, पिवळा सुटणाऱ्या गाड्यांचा, पांढरा येणाऱ्यांचा. पिवळाच बघायचा.

एक गोष्ट मात्र आपल्याकडं नाही आणि तिथं दंड बसवते. कागदी तिकीट काढलं की काम संपत नाही. फलाटाकडं जाताना भिंतीवर किंवा खांबावर छोटं यंत्र असतं, त्यात तिकिटाचं टोक सरकवायचं, खट्कन आवाज येतो आणि तारीख-वेळ छापून निघते. तो शिक्का नसला तर तिकीट असूनही दंड होतो, आणि ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे कुणी ऐकून घेत नाही. मोबाईलवर तिकीट काढलं तर गाडीत चढण्याआधी त्यातच चेक-इन करावं लागतं. जाताना उजव्या बाजूला बसा, सांता मारिनेल्लाच्या आसपास समुद्र दिसतो.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्याशी मी अजिबात सहमत नाही. ‘वयस्करांना ग्रुपच बरा’ असं तुम्ही म्हणता. मी उलटं बघितलंय. चाळीस-पन्नास माणसांच्या सहलीत झेंडा धरलेली गाईड पुढं चालते, आणि वेग ठरतो तो पुढच्या दहाजणांचा. रोमच्या जुन्या भागात रस्ते काळ्या घडीव दगडांचे, उन्हात तापलेले. गुडघे दुखणारी माणसं मागं पडतात, धापा टाकत पोचतात तोवर गाईडचं सांगून झालेलं असतं आणि घोळका पुढं निघतो. दिवसभर त्यांना दिसते ती समोरच्याची पाठ. शिवाय दर थांब्याला डोकी मोजणं, एकाला स्वच्छतागृहात उशीर झाला की सगळ्यांनी बसमध्ये बसून राहणं, हे वेगळंच.

स्वतःहून गेलेल्या माणसाला रोममध्ये सगळं बघायची सक्ती नसते. सान पिएत्रो स्टेशनवरून दहा-पंधरा मिनिटं चालत सेंट पीटर्सच्या चौकात जायचं. बॅसिलिकात, म्हणजे तिथल्या भव्य चर्चमध्ये, जायला पैसे लागत नाहीत, पण तपासणीची रांग मोठी असते, खांदे-गुडघे झाकलेले हवेत. साडी किंवा पंजाबी ड्रेसला अडचणच नाही. मग नदीकडं सरळ चालत जाऊन पूल ओलांडायचा, नव्होना चौकात कारंज्याच्या कडेला बसायचं, पँथिऑन हे जुनं रोमन देऊळ बघायचं. वर छताला गोल उघडं भोक आहे, त्यातून ऊन आत पडतं आणि भिंतीवरून सरकत जातं. तिथं अर्धा तास उभं राहावंसं वाटलं तर राहा, कुणी झेंडा हलवत नाही. एवढंच करून परत या. कोलोसिअम आणि व्हॅटिकनची संग्रहालयं त्याच दिवशी उरकायला गेलात तर पाय आणि वेळ दोन्ही संपतील. आणि रविवार असला तर ती संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडून बंदच असतात.

पण ट्रेनच सगळीकडं बरी, असं माझं मत नाही. लिवोर्नो बंदर घ्या. तिथून फ्लॉरेन्सला जायचं तर आधी जहाजाकडून शहरात बस, शहरातून स्टेशनला दुसरी बस, मग ट्रेननं जवळपास दीड तास. साखळीला कड्या जास्त, आणि एक तुटली की सगळी गडबड. पासष्टीच्या माणसांना मी तिथं जहाजाचीच बस सांगेन. तेच लिवोर्नोतून पिसाला जायचं तर ट्रेन पंधरा-वीस मिनिटांची, मग भिण्यासारखं काही नाही. जर्मनीत वार्नेम्युंडेला तर स्टेशन अगदी बंदराला लागून आहे, पण बर्लिन एका बाजूला तीन तासांच्या आसपास. स्टेशन जवळ आहे म्हणून फसू नये. तिथं जवळचं रोस्टॉक शहर बघावं, नाहीतर बर्लिनसाठी जहाजाची सहल घ्यावी. फ्रान्समध्ये ल आव्रवरून पॅरिस, तेच. उलट विलफ्रांशला स्टेशन किनाऱ्यापासून थोड्याच पावलांवर आणि नीस काही मिनिटांवर. फक्त तिथं जहाज बाहेर नांगर टाकतं आणि लहान बोटींनी ने-आण होते, म्हणून वेळ शेवटच्या बोटीची धरायची.

नेपल्सहून पॉम्पेईला, ज्वालामुखीनं गाडलेल्या जुन्या रोमन गावाला, जाणाऱ्या छोट्या रेल्वेचं स्टेशन अवशेषांच्या दारातच आहे, तरी तिथं मी गाईड असलेली सहलच सुचवते, आणि ती हमीसाठी नाही. सांगणारं कुणी नसेल तर पॉम्पेई म्हणजे उन्हातली पडकी घरं. गाईड एका रस्त्यावर थांबवतो आणि दाखवतो, मधोमध उंच दगड बसवलेत, पाण्या-चिखलातून पाय न भिजवता पलीकडं जायला, आणि दगडांमध्ये फटी सोडल्यात त्या गाड्यांच्या चाकांसाठी. शेजारीच चाकांनी झिजून पडलेले चर. हे कळल्यावर सगळं गाव डोळ्यांसमोर चालायला लागतं. त्याचे पैसे द्यावेत.

व्हिसाचा तुमचा प्रश्न सगळ्यात रास्त. जहाज चुकलं तर बंदरावरच्या जहाजाच्या एजंटला गाठायचं, त्याचा फोन रोजच्या कार्यक्रमपत्रिकेवर छापलेला असतो. तो कागद सोबत हवाच. काही जहाजं पासपोर्ट स्वतःकडं ठेवतात, म्हणून पासपोर्टची आणि व्हिसाच्या पानाची झेरॉक्स, दोन दिवसांची औषधं आणि चालणारं बँकेचं कार्ड पिशवीत असू द्या. पुढचं बंदर शेंगेनमधलं, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटातलं असेल, जसं रोमनंतर लिवोर्नो, मार्सेय किंवा बार्सिलोना, तर शेंगेन व्हिसावर जमिनीवरून गाठता येतं. लिवोर्नो तर त्याच किनाऱ्याच्या रेल्वेमार्गावर आहे. पण पुढं तुर्कस्तान असेल तर तिथला वेगळा व्हिसा लागतो, आणि शेंगेनबाहेर जाऊन परत येणार असाल तर व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा. क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनमध्येच आहे. ज्यांचं पुढचं बंदर शेंगेनबाहेर आहे त्यांनी त्या आदल्या बंदरावर जहाजाचीच सहल घ्यावी, या बाबतीत मी तुमच्याच बाजूची आहे.

पैशाचं थोडक्यात. रोमला ट्रेननं जाऊन-येऊन माणशी दहा-बारा युरोच्या आसपास, जहाजाची गाईडसह सहल त्याच्या कितीतरी पट. फरक मोठा आहे, पण नुसत्या फरकासाठी मी कुणाला ट्रेननं जा म्हणणार नाही.

आता ताई-दाजींचं. सहल लगेच रद्द करू नका. आधी दोन गोष्टी बघा. रोमच्या दिवशी जहाज किती वाजता सुटणार आणि त्याच्या पुढचं बंदर कुठलं. सुटायची वेळ सातची किंवा नंतरची, पुढचं बंदर शेंगेनमधलं आणि संप नाही, तर ट्रेन. पाचला सुटत असेल तर नको. आणि मनात धाकधूक असेल तर मधला मार्गही आहे. बरीच जहाजं रोमसाठी नुसती बस विकतात, गाईड नाही, घोळका नाही. सकाळी शहरात सोडतात, ठरल्या वेळी तिथूनच घेतात, आणि हमी जहाजाची. गाईडच्या सहलीपेक्षा स्वस्त पडते. दाजींचे गुडघे कसे आहेत आणि ताईंना रोममध्ये नेमकं काय बघायचंय, तेवढं विचारून इथंच खाली लिहा, जहाजाच्या वेळाही टाका. त्या दिवसाचं गाड्यांचं वेळापत्रक बघून मी परतीच्या तीन गाड्या काढून देते.