दीड मिनिटात मी सक्षम!

आज माझं मेडिकल सर्टिफिकेट झालं. मी गाडी चालवायला शारीरिकदृष्ट्या सक्षम आहे असं त्यावर लिहिलंय, खाली सही आणि गोल शिक्का. वेळ लागला दीड मिनिट. त्यातलं एक मिनिट शिक्क्याचं पॅड सापडत नव्हतं म्हणून गेलं.

"काही त्रास?"
"नाही."
"चष्मा?"
"वाचायचा आहे."
झालं. पुढचा माणूस आत.

मी खोटं बोलले का? हो, बोलले. माझी मान डावीकडे जेमतेम ४५ अंश वळते. धडधाकट मान ७०-८० अंशांपर्यंत जाते. लेन बदलताना डाव्या खांद्यावरून मागे बघायचं असतं ना, ते मला जमत नाही, मी आरशावर भागवते. डॉक्टरांनी नुसतं "मागे वळून बघा" म्हटलं असतं तर पाच सेकंदांत कळलं असतं. पण त्यांची नजर कागदावरून हललीच नाही, तिथे माझ्या मानेची काय कथा.

मला हा ४५ चा आकडा कुठून कळला? बाबांच्या पेटीतून.

बाबांचं वय ७४. मागच्या वर्षी उजवा गुडघा बदलला. उजवा म्हणजे ब्रेकचा पाय. साधारण दीड महिना गाडी चालवू नका असं सांगितलं होतं. आम्ही भावंडांनी त्या दीड महिन्याचे सात महिने केले. कुणी कुणाला काही बोललं नाही, फक्त किल्ली जागेवरून गेली. मीच ती शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली ठेवली होती. बाबांनी एकदाही मागितली नाही. रोज सकाळी फडकं घेऊन गाडी पुसायचे आणि आत यायचे. एकदाच म्हणाले, "बॅटरी उतरेल गं तिची." मी म्हटलं, "दादा चालू करून ठेवतो." दादा काही चालू करत नव्हता.

आता हे लिहिताना लाज वाटतेय.

शेवटी फिजिओथेरपीवाल्या मुलीनेच सुचवलं की अंदाज कशाला बांधताय, मोजून घ्या. मोठ्या केंद्रांत यासाठी सिम्युलेटर असतात, म्हणजे गाडी चालवल्याचा आभास देणारी यंत्रं, खोलीभर पसारा. पण तिथे बाबांना नेणार कोण? गाडी चालवता येते हे सिद्ध करायला आधी दुसऱ्या कुणीतरी गाडी चालवत न्यायचं, यातली गंमत बाबांनाच आधी कळली. मग एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट (दुखण्यानंतर रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणारी) घरी आली, मागे चाकांची बॅग ओढत. बाबा तिला अजूनही पेटीच म्हणतात. आत दोन पेडल असलेली पाटी, टेबलाला अडकवायचं स्टिअरिंग, दिव्यांचा एक छोटा डबा, मुठीची ताकद मोजणारा डायनॅमोमीटर, सांधे मोजायचा गोनिओमीटर (शाळेतल्या कोनमापकाला दोन लांब हात फुटले तर दिसेल तसा), तक्ते आणि एक नायलॉनचा धागा.

त्या धाग्याने मला पहिला धक्का दिला. बाबांना डोळे मिटायला सांगून तिने तो तळपायाला टेकवला. धागा असा बनवलेला असतो की १० ग्रॅम दाब पडला की वाकतो. तेवढा स्पर्श कळला की "हो" म्हणायचं. मधुमेह जुना असेल तर तळवे बधिर होतात आणि पाय पेडलवर आहे की पेडलच्या कडेवर, हे माणसाला कळेनासं होतं. बाबांना मधुमेह वीस वर्षांचा. सात महिने आम्ही गुडघ्याकडे बघत होतो, तळव्याचा विचार कुणाच्या डोक्यात आला नव्हता. बाबांनी प्रत्येक वेळी "हो" म्हटलं, एकदा तर "हो, आणि गुदगुल्या होतायत" असंही.

मग ब्रेक. पाय अ‍ॅक्सिलरेटरवर, लाल दिवा लागला की ब्रेक दाबायचा. हे मला आवडलं, कारण यंत्र वेळेचे दोन तुकडे करून दाखवतं. दिवा लागल्यापासून पाय उचलेपर्यंतचा एक आणि उचललेला पाय ब्रेकवर पोचेपर्यंतचा दुसरा. पहिला लांबला तर डोळे-मेंदूकडे बघायचं, दुसरा लांबला तर खुबा, गुडघा, घोटा. शिवाय ब्रेक किती जोरात दाबला तेही दिसतं, कारण पाय वेळेवर पोचूनही दाब पडला नाही तर उपयोग काय? बाबांनी दोनदा दिव्याच्या आधीच ब्रेक मारला. "काका, अजून दिवा लागला नाही." "लागणारच होता तो." त्या दोन फेऱ्या बाद. बाकीच्यांची सरासरी ०.६४ सेकंद.

मग मी उगाच म्हणाले, बघू मी पण बसते. माझी ०.६ आली. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला साधारण साडेसोळा मीटर पळते. म्हणजे ब्रेकला हात... पाय लागेपर्यंत माझी गाडी १० मीटर गेलेली आणि बाबांची त्याच्या पुढे पाऊण मीटरही नाही. ज्या माणसाची किल्ली मी बटणांखाली पुरली होती, त्याच्यात आणि माझ्यात एवढाच फरक. पाऊण मीटरसुद्धा नाही!

आणि मग तिने माझ्या डोक्याला गोनिओमीटर लावला. ४५. बाबांची मान ६०. बाबा काही बोलले नाहीत, फक्त चष्मा पुसला. एकदम विजयी चष्मापुसणी होती ती.

आता मला राग कशाचा येतो ते सांगते. "७४ झाले ना, बास झालं आता." हे वाक्य माझ्या घरात, सोसायटीत, लग्नात, सगळीकडे ऐकलंय, आणि म्हणणारे सगळे सुशिक्षित. जन्मतारीख बघून किल्ली काढून घ्यायची आणि त्याला काळजी म्हणायचं. आणि त्याच लोकांना चाळिशी ओलांडलेल्या माणसाला दीड मिनिटात मिळालेला शिक्का चालतो. डोळ्यांसमोर वाढलेली साखर, आखडलेली मान, झोपेच्या गोळ्या, काही विचारायचं नाही. एकाला न तपासता नाही म्हणायचं, दुसऱ्याला न तपासता हो म्हणायचं. दोन्ही आळसच आहेत.

हो, वय वाढलं की गोष्टी बिघडतात, मान्य. बाबांचंही सगळं ठणठणीत निघालं नाही. नेहमीचा अक्षरांचा तक्ता, तो स्नेलेनचा, १८६२ पासून चालत आलेला, बाबांनी खालपर्यंत घडाघडा वाचला. मग तिने दुसरा काढला. त्यात अक्षरं सगळी एकाच आकाराची, पण तीन-तीन करत फिकट होत जाणारी. बाबा मध्येच थांबले. म्हणाले, "संपला तक्ता." संपला नव्हता. खाली आणखी दोन ओळी होत्या, मला दिसत होत्या. मी भिंतीकडे बघत राहिले.

पांढऱ्यावर काळं अक्षर वाचता येणं वेगळं. संध्याकाळी करड्या रस्त्यावर करडे कपडे घातलेला माणूस पहिल्या तक्त्यात कुठे असतो? मोतीबिंदू सुरू झालाय, निदान नंतर झालं. म्हणजे बघा, आम्ही भांडत होतो गुडघ्यावरून, तळव्याची भीती नंतर कळली, आणि अडचण निघाली डोळ्यांत. जी आम्ही सात महिने किल्ली लपवूनही शोधली नसती, कारण "डोळे चांगले आहेत बाबांचे, पेपर वाचतात."

थेरपिस्टने लिहून दिलं: दिवसा चालवा, ओळखीच्या रस्त्यांवर, अंधाराच्या आत घरी, मोतीबिंदूचं झालं की पुन्हा बघू. बाबांनी कागद दोनदा वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला. रात्री गाडी चालवू नका म्हणून मी किती वर्षं डोकं फोडतेय! माझं ऐकलं नाही, फिकट अक्षरांचं ऐकलं. मला वाईट वाटायला हवं होतं बहुतेक. पण मी डबा आणला, बटणं बाजूला करून किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. ते म्हणाले, "इथे होती होय," इतकंच.

आता कुणीतरी म्हणणारच की पेटीत रस्ता नसतो. बरोबर आहे, नसतो. दिवा लागणार हे माहीत असताना ब्रेक मारणं वेगळं आणि गाडीसमोर अचानक पोरगं आलं तर वेगळं, तिथे सेकंद-दीड सेकंदही जातो. हे त्या थेरपिस्टनेच सांगितलं आणि आकडे काठावरचे असले तर शेजारी बसून रस्त्यावर बघावंच लागतं, असंही. पेटीला आततायीपणा मोजता येत नाही, नाहीतर दादाचं लायसन्स कधीच गेलं असतं. पण पेटी पुरेशी नाही म्हणून काहीच नको, हा कुठला न्याय?

आणि डॉक्टरांना वेळ नसतो, बाहेर रांग असते, तेही खरं. बरं. पण पेटीसुद्धा सोडा. शाळेतली ३० सेंटीमीटरची पट्टी घ्या. एकाने वरून सोडायची, दुसऱ्याने खाली चिमटीत पकडायची. २० सेंटीमीटरवर पकडली तर ०.२ सेकंद गेला, पूर्ण निसटली तर पाव सेकंदापेक्षा जास्त. हे बोटांचं झालं, पायाचं नव्हे, आणि यावर कुणी सर्टिफिकेट देऊ नये. पण पेटी गेल्यावर माझ्या मुलाने आणि बाबांनी तासभर हाच खेळ खेळला आणि त्या तासात आमच्या घरात गाडी या विषयावर सात महिन्यांत झालं नव्हतं इतकं मोकळं बोलणं झालं. बाबा म्हणाले, "मलाच भीती वाटत होती रे पायाची. पण तुम्ही कुणी विचारलंच नाही, किल्लीच उचललीत."

असो. चिडून लिहायला बसले होते.

मघाशी बाबांना फोन केला, सर्टिफिकेट झालं म्हणून सांगायला. त्यांनी अभिनंदन वगैरे केलं नाही. विचारलं, "मान किती वळली?"

"मोजलीच नाही, बाबा."

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "परवा यायचंय ना इकडे तुला? तू गाडी काढू नकोस. मी येतो न्यायला. फक्त चारच्या आत आवरून ठेव, मला उजेडात परत यायचंय."